बेचाळीस सेंटिमीटरचं शहाणपण

माझ्या थोरल्या काकांना देवानं शहाणपण दिलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांच्या अंगात एकशे तीन ताप होता. ही माहिती त्यांची स्वतःची. आमच्या तंबूच्या कारखान्यात सुतळी विकायला येणाऱ्या माणसापासून वजनकाटा तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबापर्यंत सगळ्यांना त्यांनी ती दिलेली आहे, काहींना दोनदा. तापात स्वप्न पडलं, स्वप्नात आवाज आला, ‘हवं ते माग.’ काकांनी लांब आयुष्य मागितलं नाही, संपत्ती मागितली नाही. शहाणपण मागितलं. इब्री शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, शलमोन राजाला पडलेलं स्वप्न जसंच्या तसं. इतकं जसंच्या तसं, की राजाच्या वारसांनी हरकत घ्यावी.

एक गोष्ट काका सांगायची विसरतात. ती आत्या सांगते. त्याच आठवड्यात शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता आणि काका गणितात दुसऱ्यांदा नापास झाले होते.

त्यांना ‘शलमोन’ हे नाव शिलाई विभागातल्या बायकांनी ठेवलं, छत्रीच्या प्रकरणानंतर. पिवळ्या मुठीची एक छत्री दाराशी पडून होती. तंबूला पितळी रिंगा ठोकणारी म्हणाली माझी, दोऱ्याची रिळं भरणारी म्हणाली माझी. भांडण काकांपुढे गेलं. काका उंच स्टुलावर बसले, डोळे मिटले, आणि म्हणाले, “छत्री मोडा. दोघींना अर्धी अर्धी द्या.”

मग ते थांबले. शास्त्रात दोघी एकाच मुलावर हक्क सांगतात, राजा ते अर्धं कापायला सांगतो, आणि या ठिकाणी खरी आई रडते. काका दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले.

“मोडा,” रिळंवाली म्हणाली.

“मोडा ना,” रिंगावाली म्हणाली. “एकदाचं मिटू दे.”

याच्या पुढचं शास्त्रात काही नव्हतं. पण निकाल देऊन झाला होता, म्हणून काकांनी छत्री गुडघ्यावर घेऊन मोडली. पाच मिनिटं लागली, कारण दांडी लोखंडी होती. तळहाताला एक काडी लागली, आत्यानं औषध लावलं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या मशीनवरची बाई रजेवरून परत आली आणि तिनं विचारलं, “माझी छत्री कुणी बघितली का गं? पिवळ्या मुठीची?”

त्या दिवसापासून बायका त्यांच्या पाठीमागे त्यांना शलमोन म्हणू लागल्या. हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. लोकांना शेवटी कळलं, असं त्यांना वाटलं.

आमचा कारखाना म्हणजे खाली दोन खोल्या, मागे अंगण, वर घर. पहिल्या खोलीत कटिंगचं टेबल आहे, नऊ मीटर लांब. काचेच्या पलीकडे दुसऱ्या खोलीत आठ शिलाई मशीन. धंदा आजोबांनी उभा केला आणि त्यांनी एक नियम घालून ठेवला: टेबल ज्याच्याकडे, कारखाना त्याच्याकडे. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, कुणाला ठेवायचं, हे कटिंगवाला ठरवणार. तसा नियम वाईट नाही. तंबूचं बरंवाईट कापतानाच ठरतं. कमी कापलेल्या कापडाला शिलाई वाचवू शकत नाही. वाईट एवढंच, की टेबलाच्या खोलीची किल्ली आजोबांनी थोरल्या मुलाला दिली. तात्पुरती, असं तेव्हा म्हणाले होते. त्याला बावीस वर्षं झाली.

काका कापत नाहीत, रेघ मारतात. ती कशी, हे बघण्यासारखं आहे. सकाळी साडेदहाला येणार. तागा टेबलावर पसरून तयार असणार, तो अर्थातच आत्यानं पसरलेला. काका तळहात कापडावर ठेवणार, डोळे मिटणार. एक मिनिट शांतता. मशीनसुद्धा बंद ठेवायची. मग मान हलवणार, जणू कापडानं त्यांना काही सांगितलं आणि ते त्यांना आधीच माहीत होतं, आणि खडूनं सपकन रेघ ओढणार. टेप लावणार नाहीत. माप लिहिणार नाहीत. कुणी विचारलं, “साहेब, इथे इतकंच का?” तर बोट वर करणार. मग चहाला जाणार ते बाराला येणार.

त्या दीड तासात आत्या आत जायची. शिलाईच्या बायकांना त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. आत्याला होती, कारण कापायचं तिनंच. दंडाला जोर लागतो, आणि देवानं शहाणपण देताना काकांना दंड दिला नव्हता.

इंजिनियरिंग ड्रॉइंगचा डिप्लोमा करून मी कारखान्यात आले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी तिला पकडलं. ओल्या फडक्यानं ती काकांची रेघ पुसत होती.

“आत्या, हे काय?”

“रेघ सरळ करतेय.”

“सरळ कुठे? पाच सेंटिमीटर बाहेर काढलीस.”

“मग वाकडी होती.” तिनं टेप ताणला. “जाड कापड पहिल्या पाण्याला आटतं. तुझे काका धरून बसतात की त्यांच्या मर्जीबाहेर ते आटणार नाही.”

“त्यांना माहीत आहे तू बदलतेस ते?”

“कळेल. पडेल एखादं स्वप्न.”

मी हिशेब केला. बावीस वर्षं, महिन्याला चार-पाच तंबू. प्रत्येकावर काकांची रेघ आणि प्रत्येकावर आत्याचं फडकं. सर्कसचा मोठा तंबू वादळात टिकला, त्याबद्दल काकांचा सत्कार झाला होता. त्या तंबूचे ताण तिनं तीन रात्री जागून कागदावर मांडले होते. कागद अजून तिच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मी बघितले. शाळेनंतर जिला कुणी काही शिकवलं नाही, अशा बाईनं ताणांची बेरीज स्वतःच शोधून काढलेल्या पद्धतीनं केली होती, आणि ती बरोबर होती. मला तीच बेरीज शिकायला दोन वर्षं आणि चार मास्तर लागले.

गेल्या वर्षी हेच इब्री शास्त्र शिकवणाऱ्या एका शाळेचे मास्तर आमच्याकडे आले. बारीक, टकले, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. त्यांना शाळेच्या मैदानात एक तंबू उभा करायचा होता, पण साधा नाही. इब्री लोक रानातून चालत होते तेव्हा त्यांनी देवासाठी जो तंबू केला, तो. पुऱ्या मापाचा, शास्त्रात लिहिला आहे तसा. लाकडी सांगाडा एक सुतार करणार होता, आतला तलम पडदा दुसरीकडे विणला जात होता. आमच्याकडे वरचं जाड आवरण: अकरा पट्टे, प्रत्येक तीस हात लांब, चार हात रुंद. मूळचं बकऱ्याच्या केसांचं होतं, मास्तर राखाडी कॅनव्हासवर खूश होते.

काका ताठ बसले. त्यांच्यासाठीच ही ऑर्डर स्वर्गातून आली होती, यात त्यांना शंका नव्हती.

“मास्तर, तुम्ही योग्य ठिकाणी आलात. तो तंबू करणारा कारागीर, बसालेल, त्याला देवानं शहाणपण दिलं होतं. मलाही दिलंय. एकोणीस वर्षांचा होतो, अंगात एकशे तीन ताप…”

मास्तरांनी स्वप्न पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

“गंमत बघा,” ते म्हणाले. “इब्री लोक कारागिराच्या हातातल्या कसबालाही शहाणपणच म्हणत. सुताराचं, सोनाराचं, विणकराचं. सगळं देवाकडून आलेलं. आणि राजानं जे मागितलं ना, त्याचा नेमका अर्थ होतो ऐकणारं मन. त्यानं ऐकता येणं मागितलं.”

“तेच,” काका म्हणाले. “अगदी तेच,” आणि पुढे अर्धा तास स्वतःच बोलले.

जाताना मास्तरांनी कागदात गुंडाळलेली एक काठी टेबलावर ठेवली. “हा आमचा हात. विद्वानांमध्ये या मापावर वाद आहेत, पण आम्ही पंचेचाळीस सेंटिमीटर धरलाय. अशीच काठी सुताराला दिली आहे. दोघांचं एक असलं की झालं.”

मास्तर फाटकाबाहेर पडले आणि काकांनी काठी उचलून बघितली. “विद्वान!” ते म्हणाले. आमच्या ऑफिसची खिडकी उघडी राहत नाही, दर वेळी धाडकन मिटते. काकांनी काठी तिच्या फटीत अडकवली. खिडकी उघडी राहिली. एवढ्यापुरतं ते काम त्यांनी चोख केलं.

“दादा, ती मापाची काठी आहे,” आत्या म्हणाली.

“हात म्हणजे हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. बसालेलकडे काठी होती? त्याच्याकडे देवानं दिलेला हात होता.” काकांनी स्वतःचा हात पुढे केला. काका साडेपाच फुटांना बऱ्यापैकी कमी पडतात आणि हातही त्याच बेतानं आलेले आहेत.

मी ड्रॉइंग काढलं आणि मापं सेंटिमीटरमध्ये टाकली. काकांनी ते परत केलं. “इंजिनियरबाई, शास्त्रात हात लिहिलंय. तिथे सेंटिमीटर घुसवायचा तुला काय अधिकार?” मी नुसतं ‘हात’ लिहून दिलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ज्या मुलानं एकक नसलेलं ड्रॉइंग दिलं होतं, त्याला आम्ही महिनाभर हसलो होतो. मी वाद घातला नाही, कारण मला घरात शांतता हवी होती. या घरात बहुतेक मूर्खपणा असाच पुढे सरकलेला आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर आजोबांनी सांगितलं, की हा तंबू उभा राहिला की ते टेबल कायमचं थोरल्याच्या नावानं लिहून देणार. वय एक्याऐंशी झालं, आता झेपत नाही.

आत्यानं हातातला पेला खाली ठेवला. ती सेहेचाळीस वर्षांची आहे. या एका गोष्टीसाठी ती थांबली होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. टेबल काकांच्या नावावर झालं, की ती मरेपर्यंत त्यांच्या परवानगीनं आत जाणार आणि त्यांच्या पाठीमागे पुसणार.

“बाबा, मला द्या टेबल,” ती म्हणाली.

काका हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मनापासून, प्रेमानं हसले. “अगं छोटे, तुला शिवायची बुद्धी दिली, मला कापायची. त्यानं वाटून दिलंय. त्याच्या वाटणीत तू-मी कोण बोलणार?”

आत्या उठली, कपाटातून शास्त्र काढलं आणि आजोबांपुढे उघडून ठेवलं. “बाबा, त्या तंबूचं वाचलं मी. इथे बायका आहेत. बकऱ्याच्या केसांचं सूत कातणाऱ्या. त्यांनाही शहाणपण दिलं होतं, असं लिहिलंय.”

“आहेत,” आजोबा म्हणाले.

“आणि बसालेलला आणखी एक दिलं होतं. दुसऱ्याला शिकवायचं मन. दादानं बावीस वर्षांत कुणाला एक रेघ शिकवली?”

“थोरला आहे तो,” आजोबा म्हणाले आणि शास्त्र मिटलं. आजोबांना मी फार मानत आले आहे. त्या मिनिटाला मानत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तागा पसरला. काकांनी डोळे मिटले, कापडाशी गुजगोष्टी केल्या आणि स्वतःचा हात टेबलावर सुरवंटासारखा पुढे पुढे सरकवत तीस वेळा मोजलं. मध्ये सतराव्याला शिंकले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. रेघ मारली.

“दादा, काठीनं एकदा बघू या का?” आत्या म्हणाली. हे दुसऱ्यांदा.

“छोटे.”

“बरं.”

काका चहाला गेले. मी फडकं ओलं करून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही.

“आत्या, रेघ?”

“तशीच काप म्हणालाय ना तो? तशीच कापायची.”

“पण कमी पडेल.”

“तू मोजलास त्याचा हात?”

मोजला होता. आदल्या दिवशी ते स्टुलावर पेंगत असताना. “बेचाळीस.”

“हातामागे तीन कमी. तीस हातांना?”

“नव्वद.”

“हं,” म्हणाली आणि कापायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काकांचं तंतोतंत ऐकलं. आटण्यापुरतं जादा धरलं नाही, काठाला बोटभर सोडलं नाही. अकराही पट्टे, रेघेवर. मधल्या वेळात तिनं दोनच गोष्टी केल्या, आणि त्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. त्याच राखाडी कापडाचे चार जादा तागे मागवून घेतले. आणि मास्तरांना फोन करून सांगितलं, की उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नको, आवरण चौदा दिवस आधी एकदा चढवून बघू.

त्या दिवशी मैदानात सांगाडा उभा होता. सुतारानं काम देखणं केलं होतं, फळी न् फळी एका रेषेत. आजोबा खुर्चीवर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जमलेल्या शिक्षकांना बसालेलविषयी माहिती देत होते, मधूनमधून स्वतःविषयी. आवरण दोरांनी वर चढवलं. मधोमध आणलं. दोन्ही बाजूंनी खाली सोडलं.

ते जमिनीपर्यंत आलंच नाही. दोन्हीकडे गुडघाभर फळ्या उघड्या. पाण्यातून जाताना कुणी विजार वर धरावी, तसा देवाचा तंबू मैदानात उभा. मागची बाजू तर झाकलीच जाईना, कारण रुंदीतही प्रत्येक पट्टा बारा सेंटिमीटर खाल्लेला. वर्गाच्या खिडक्यांतून पोरं खिदळली आणि आतून कुणीतरी त्यांना दटावलं.

काका तरातरा सांगाड्याजवळ गेले आणि फळीवर हात लावून मोजत सुटले. वरचं पुरेना म्हणून शिडी मागितली. शिडीवर चढून पुढचं मोजलं.

“हे बघा! उंची दहा हात पाहिजे. पावणेअकरा भरते! सुतार चुकला!”

सुतार शांत माणूस होता. त्यानं पिशवीतून काठी काढली, फळीला लावली, दहा वेळा पलटली. बरोबर टोकाला टेकली.

“साहेब, ही काठी दिली होती मास्तरांनी. तुम्हाला नव्हती का दिली?”

मास्तरांनी चष्मा काढला. “दिली होती की. कुठे आहे ती?”

मीच सांगितलं. “ऑफिसच्या खिडकीला.”

“खिडकीला?”

“उघडी राहत नाही म्हणून.”

मास्तर खूप वेळ चष्मा पुसत राहिले. शिडीवरून काका म्हणाले, “माणसानं केलेली काठी…” पण तोवर कुणी ऐकत नव्हतं. मास्तर आत्याकडे वळले होते.

“बाई, उद्घाटनाला चौदा दिवस आहेत. होईल काही?”

“नऊ दिवसांत होईल,” आत्या म्हणाली. “सगळ्या शिवणी उसवायच्या. प्रत्येक पट्ट्याला लांबीत आणि रुंदीत जोड. पट्टे अकराच राहतील, बारा होणार नाहीत. जोड दिसतील, जवळून.”

“दिसू देत.”

“पण मी अजून हो म्हटलेलं नाही. घरी जाऊन सांगते.”

कारखान्यात परत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आजोबा टेबलाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले. काचेपलीकडे आठही मशीन बंद होती आणि आठही बायका कामात असल्यासारखं करत होत्या.

“रेघ कुणाची?” आजोबांनी विचारलं.

“दादाची.”

“कापलं कुणी?”

“मी.”

“कमी आहे, दिसलं नाही तुला?”

“दिसलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.”

“म्हणजे मुद्दाम!” काका ओरडले. “बाबा, ऐकलंत? सख्खी बहीण! कट केला माझ्याविरुद्ध!”

“तू म्हणालास तसं कापलं, दादा. इतकं जर मी पहिल्यापासून तुझं ऐकलं असतं ना, हा कारखाना कधीच बंद पडला असता.” ती आजोबांकडे वळली. “बावीस वर्षं मी त्याच्या रेघा पुसतेय. तुम्हाला हे माहीत आहे, बाबा.”

“माहीत आहे,” आजोबा म्हणाले.

मला वाटत होतं की ते फसवले गेले होते. तसं नव्हतं. त्यांना माहीत होतं. थोरल्याचा मान राहावा म्हणून एक बाई रोज दीड तास चोरासारखी आत जाते, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते चालू दिलं. काकांची मला कीव आली असती, इतका आजोबांचा राग आला. पण काकांनी कीव येऊ दिली नाही.

“पुसत होती?” ते म्हणाले. “हां. म्हणजे देव माझ्या रेघा तिच्या हातून दुरुस्त करून घेत होता. बघा बाबा, त्याची योजना!”

आत्या हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. “बरं, योजना तर योजना. मी नऊ दिवसांत तंबू पुरा करते. पण टेबलावर मी. नऊ दिवसांपुरती नाही, कायमची. आणि दादानं या खोलीत यायचं नाही. नाही म्हणालात तर मास्तरांना आत्ता फोन करा, दुसरा कारखाना शोधू देत. मी मशीनवरही बसणार नाही.”

आजोबा खरंच ‘नाही’ म्हणू शकले असते. अशा गोष्टी त्यांनी यापूर्वी किती तरी वेळा थोरल्याच्या बाजूनं मिटवल्या होत्या, आणि ती मग बॅग भरून गेली असती, यात मला शंका नाही.

“थोरल्या,” आजोबा म्हणाले, “किल्ली दे.”

“बाबा, शहाणपण मला दिलंय. देवानं दिलेलं तो काढून घेत नाही.”

“न काढो. किल्ली दे.”

काकांनी खिशातून किल्ली काढली. बहिणीच्या हातात देणं त्यांच्यानं होईना, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली, आत्या तीन पावलांवर उभी असताना. मी तीन पावलं चालून ती पोचवली. काका बाहेर गेले. सुतळीवाला नेमका तेव्हा फाटकात आला होता, आणि काका त्याला सांगताना मला ऐकू आलं, की वरून आज्ञा झाली, आता हाताचं काम सोड आणि फक्त सल्ला दे. सुतळीवाला म्हणाला, “वा.” त्याचं त्या दिवशी काहीच विकलं गेलं नाही.

आत्यानं किल्ली कमरेला खोचली आणि मोठी कात्री माझ्या हातात दिली. “आधी हिला धार लावून आण. आपलं पातं परक्या हातात जाऊ नये म्हणून त्यानं कधी लावू दिली नाही. हाताला घट्टे पडले माझ्या.” मग काचेवर बोटानं टकटक केलं. “रिंगावाली, रिळंवाली, तुम्ही दोघी इकडे या. पाटी-पेन्सिल घेऊन या.”

दोघी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्या आत कधी आल्याच नव्हत्या.

“या की. टेबल आहे ते, चावत नाही.” आत्यानं टेपचं एक टोक रिंगावालीच्या हातात दिलं. “घट्ट धर. आणि तू लिही. पहिला पट्टा, लांबीला नव्वद कमी. त्यात आटण्याचं किती धरायचं, ते सांगते, कारण ते तुम्हाला मला न विचारता करता आलं पाहिजे.”